शीतवाघिणीवरील अक्षरे : अमेरिकी रेल्वे-प्रतिकृतींतील डिकॅल आणि इतिहासाचा पुरावा

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की दप्तरे, शिलालेख, ताम्रपट, नाणी आणि पत्रव्यवहार यांचा विचार प्रथम होतो. औद्योगिक काळाच्या इतिहासाला मात्र आणखी एका साधनाची जोड मिळालेली आहे. ते म्हणजे यंत्रे, वाहने आणि मालाची वेष्टने यांवर रंगवलेली किंवा छापलेली अक्षरे. ही अक्षरे टिकावीत म्हणून लिहिलेली नसतात. काम संपले की ती पुसली जातात, त्यांवर नवा रंग चढतो, वाहन मोडीत निघते आणि त्याबरोबर लेखही नाहीसा होतो. अशा अल्पायुषी लेखांचा संग्रह आणि अभ्यास विद्यापीठीय इतिहासकारांपूर्वी काही हौशी मंडळींनी केला, हे अमेरिकेतील रेल्वे-प्रतिकृतींच्या छंदाकडे पाहिले असता दिसून येते.

प्रस्तुत लेखात या छंदातील एका मर्यादित विषयाचा विचार केला आहे. अमेरिकेत बर्फाच्या साहाय्याने थंड ठेवलेल्या मालडब्यांतून मांस, फळे, भाज्या, दूध, लोणी व बिअर यांची दूरवर वाहतूक होत असे. मराठीत मालडब्याला वाघीण हा शब्द रूढ असल्याने या डब्यांना येथे शीतवाघीण म्हटले आहे. शीतवाघिणींच्या लहान प्रतिकृती करणारे लोक त्यांच्या बाजूंवरील अक्षरे डिकॅलच्या साहाय्याने उमटवतात. डिकॅल म्हणजे पातळ पापुद्र्यावर छापलेली आणि पाण्यात भिजवून कागदावरून सरकवता येणारी अक्षरे किंवा चित्रे. प्रतिकृतीवरील ही अक्षरे अचूक असावीत हा आग्रह कसा निर्माण झाला, त्यातून इतिहासाला काय मिळाले आणि या अचूकतेची मर्यादा कोणती, या तीन प्रश्नांचा परामर्श पुढे घेतला आहे.

शीतवाघिणीचा उदय

अमेरिकी यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले आणि त्याच वर्षी शिकागो येथील युनियन स्टॉक यार्ड्स हा जनावरांचा प्रचंड बाजार सुरू झाला. पश्चिमेकडील कुरणांतून आलेली जनावरे तेथून जिवंतपणीच रेल्वेने पूर्वेकडील शहरांत पाठविली जात. ही पद्धत खर्चिक होती. जनावराच्या वजनातील मोठा भाग खाण्यास निरुपयोगी असे, परंतु भाडे मात्र सर्व वजनावर द्यावे लागे. शिवाय वाटेत जनावरांचे वजन घटे आणि काही मरत. कापलेले मांसच थंड ठेवून पाठविता आले तर या सर्व तोट्यावर मात करता येणार होती.

या दिशेने १८६७ मध्ये डेट्रॉइटच्या जे. बी. सदरलँड यांनी शीतवाघिणीचे पेटंट मिळविले. पाठोपाठ विल्यम डेव्हिस यांची रचना मांस-व्यावसायिक जॉर्ज हॅमंड यांनी वापरात आणली. तिच्यात मांस छताजवळ टांगलेले असे. वळणावर ते एका बाजूस झुके आणि त्यामुळे वाघिणी रुळांवरून घसरण्याचे प्रकार घडले. गस्टेव्हस स्विफ्ट यांनी १८७८ मध्ये अँड्र्यू चेस या अभियंत्याकडून नवी रचना करवून घेतली. बर्फ वरच्या कप्प्यात ठेवायचा, थंड हवा आपोआप खाली उतरू द्यायची आणि मांस तळाशी घट्ट रचून गुरुत्वमध्य खाली ठेवायचा, हे तिचे तत्त्व होते.

तांत्रिक अडचण सुटली तरी आर्थिक अडचण उरलीच होती. जिवंत जनावरांच्या वाहतुकीत पूर्वेकडील मोठ्या रेल्वे कंपन्यांचे भांडवल गुंतलेले होते. त्यामुळे शीतवाघिणी बांधण्यास त्या राजी नव्हत्या. तेव्हा स्विफ्ट यांनी स्वतःच्या वाघिणी बांधविल्या आणि जनावरांच्या वाहतुकीत फारसा वाटा नसलेल्या ग्रँड ट्रंक रेल्वेमार्फत, म्हणजे कॅनडाच्या मार्गाने, मांस पूर्वेकडे पाठविले. या घटनेचा परिणाम दूरगामी ठरला. रूळ एका कंपनीचे, इंजिन तिचेच, पण वाघीण मात्र माल पाठविणाऱ्याची, अशी खासगी मालकीच्या वाघिणींची व्यवस्था मांसाच्या व फळांच्या व्यापारात रूढ झाली. आर्मर या दुसऱ्या बलाढ्य मांस-कंपनीनेही हाच मार्ग अनुसरला.

फळे व भाज्यांच्या वाहतुकीत पुढे रेल्वे कंपन्यांनी स्वतः पाऊल टाकले. युनियन पॅसिफिक व सदर्न पॅसिफिक या दोन रेल्वेंनी १९०६ मध्ये पॅसिफिक फ्रूट एक्सप्रेस ही संयुक्त कंपनी स्थापन केली. ऑक्टोबर १९०७ मध्ये ६,६०० नव्या वाघिणींसह तिचे कामकाज सुरू झाले. पुढे १९१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने या दोन रेल्वे परस्परांपासून विभक्त करण्यात आल्या, परंतु त्यांची ही संयुक्त शीतवाघीण-कंपनी कायम राहिली. आर्मरच्या ताब्यातील फळवाहतुकीचा व्यवसाय मक्तेदारीविरोधी कारवाईमुळे वेगळा करावा लागला आणि त्यातून १९२० मध्ये फ्रूट ग्रोअर्स एक्सप्रेसची नव्याने उभारणी झाली. १९३०च्या सुमारास अमेरिकेतील शीतवाघिणींची संख्या सुमारे १,८३,००० पर्यंत पोहोचली होती.

वाघिणीची बाजू : मालकी, भाडे आणि जाहिरात

लाकडी शीतवाघिणीची बाजू म्हणजे सुमारे ४० फूट लांबीचा सलग, सपाट व स्वच्छ रंगाचा फलक. मध्यभागी बिजागरीचे दार, दोन्ही टोकांना बर्फाचे कप्पे आणि छतावर बर्फ भरण्यासाठी चार झाकणे असत. साध्या मालवाघिणी बहुधा तांबूस-तपकिरी रंगाच्या असत. शीतवाघिणींना मात्र पिवळा, नारिंगी किंवा पांढरा रंग दिला जाई. फिका रंग उष्णता कमी शोषून घेतो हे त्याचे एक कारण होते, तर स्वच्छ अन्नाची खूण ग्राहकाला पटावी हे दुसरे.

या फलकावर काय लिहावे याचा काही भाग नियमांनी ठरविलेला होता. मालकाची संक्षिप्त खूण, वाघिणीचा क्रमांक, वहनक्षमता, रिकामे वजन, कमाल भार, बांधणीची तारीख, शेवटच्या वजनाची तारीख व ते जेथे केले त्या ठिकाणाची खूण हा मजकूर आवश्यक असे. वाघीण देशभर अनेक कंपन्यांच्या रुळांवरून फिरत असल्याने हा मजकूर म्हणजे तिचे ओळखपत्रच होते. परक्या रुळांवर वाघीण जितके मैल धावेल तितक्या मैलांचा ठरावीक आकार त्या रुळांच्या मालकाने वाघिणीच्या मालकाला द्यावयाचा असे, आणि हा हिशेब खूण व क्रमांक यांवरूनच होई. अक्षरांमागे असा रोख पैशाचा व्यवहार होता.

उरलेल्या मोकळ्या जागेचा उपयोग विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत जाहिरातीसाठी वाढत्या प्रमाणात होऊ लागला. वाघिणी भाड्याने देणाऱ्या कंपन्या आपल्या ग्राहकाचे नाव, मालाचे चित्र व बोधचिन्ह वाघिणीवर ठळकपणे रंगवून देत. लोणी, चीज, अंडी, मांस आणि मद्यबंदी उठल्यानंतर बिअर यांच्या उत्पादकांना हा फिरता जाहिरात-फलक जवळजवळ फुकट मिळे. अशा रंगीबेरंगी वाघिणींना पुढे जाहिरात-वाघिणी म्हणून ओळख मिळाली.

१९३४चा निर्णय

डोळ्यांना सुखावणारी ही अक्षरे रेल्वे कंपन्यांच्या हिशेबाला मात्र खुपत होती. एका लोणी-उत्पादकाच्या नावाने नटलेल्या वाघिणीत दुसरा उत्पादक आपला माल कसा भरणार? त्यामुळे परतीच्या प्रवासात अशा वाघिणी रिकाम्याच धावत आणि या रिकाम्या फेऱ्यांचा भार रेल्वे कंपन्यांवर पडे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता. वाघिणींचे मालक रेल्वेकडून मिळणाऱ्या मैल-आकारातील काही भाग भाडेकरू ग्राहकाला या ना त्या रूपाने परत करीत. जाहिरातीची सोय हाही त्या लाभाचाच एक प्रकार होता. रेल्वे-भाड्यातील छुप्या सवलतींवर १९०३च्या एल्किन्स कायद्याने बंदी घातलेली होती. १९०६च्या हेपबर्न कायद्याने शीतकरणासारख्या पूरक सेवाही आंतरराज्य वाणिज्य आयोगाच्या कक्षेत आणल्या होत्या. जाहिरात-वाघिणींमुळे या बंदीला पळवाट मिळते आणि लहान उत्पादकांवर अन्याय होतो, असा प्रश्न आयोगापुढे आला.

आयोगाने १९३४ मध्ये दिलेल्या निर्णयाने भाड्याच्या वाघिणींवरील अशा जाहिराती बंद झाल्या. जुन्या जाहिराती काढून टाकण्यासाठी मुदत देण्यात आली आणि १९३७च्या प्रारंभापासून अशा वाघिणी आंतर-रेल्वे वाहतुकीत अमान्य ठरल्या. मोठ्या मांस-कंपन्यांच्या स्वतःच्या वाघिणींवर त्यांची नावे पुढेही दिसत राहिली, परंतु देशभर फिरणाऱ्या शेकडो लहान-मोठ्या उत्पादकांच्या चित्रमय वाघिणींचा काळ संपला. मद्यबंदी १९२० पासून अमलात होती आणि बिअरची कायदेशीर विक्री एप्रिल १९३३ मध्ये पुन्हा सुरू झाली, हे लक्षात घेतले तर मद्यबंदीनंतरच्या बिअरच्या जाहिरात-वाघिणींचे आयुष्य जेमतेम चार वर्षांचे होते असे दिसते.

खेळणे, प्रतिकृती आणि साच्याचे अर्थकारण

येथे कालक्रमातील एक योगायोग विचारात घेण्याजोगा आहे. अल कॅल्मबाख यांच्या ‘मॉडेल रेलरोडर’ या मासिकाचा पहिला अंक जानेवारी १९३४ मध्ये मिलवॉकी येथे निघाला. त्याच शहरात १९३५ मध्ये नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन ही संघटना स्थापन झाली. म्हणजे जाहिरात-वाघिणी रुळांवरून हटविल्या जात असतानाच त्यांच्या प्रतिकृती करणारा छंद संघटित होत होता. छंदाच्या पहिल्या पिढीने या वाघिणी प्रत्यक्ष पाहिलेल्या होत्या. रुळांवरून गेलेले रंग टेबलावरच्या रेल्वेत टिकून राहिले.

परंतु टिकून राहिले ते रंग, त्यांचा काळ नव्हे. याचे कारण मुख्यतः आर्थिक होते. सुरुवातीच्या काळात लाकडी ठोकळ्यावर छापील पुठ्ठ्याच्या किंवा पत्र्याच्या बाजू चिकटवून वाघिणी तयार होत. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकचे साचेकाम आले. पोलादी साचा बनविणे अत्यंत खर्चिक असे, पण एकदा साचा तयार झाला की त्यातून हजारो नग निघत. तेव्हा एकाच साच्यातून निघालेल्या वाघिणीवर वेगवेगळ्या कंपन्यांचे रंग व अक्षरे छापून विकणे उत्पादकाला परवडे. खऱ्या जगात ज्या कंपनीच्या वाघिणी ३६ फुटी व लाकडी होत्या, तिचेच नाव ४० फुटी पोलादी वाघिणीवर छापले जाई. डिझेल इंजिनामागे १९५०च्या दशकातील गाडीत १९३३ सालची बिअरची वाघीण बिनदिक्कत धावे. एक साचा आणि अनेक वेष, असा हा प्रकार होता. ग्राहकही बहुधा संतुष्ट असे, कारण त्याला रंगीत गाडी हवी होती.

या काळातील छंदाची दृष्टी फ्रँक एलिसन यांच्या लेखनातून स्पष्ट होते. त्यांनी १९४०च्या दशकात रेल्वे-प्रतिकृतीला नाटकाची उपमा दिली. देखावा हा रंगमंच आणि गाड्या ही पात्रे. नाटकात पात्राचा पोशाख प्रभावी असला की पुरे, तो अस्सल असण्याची सक्ती नसते. प्रतिकृतीकडे नाट्य म्हणून पाहायचे की दस्तऐवज म्हणून, हा वाद पुढील अर्धशतकभर या छंदात चालू राहिला.

डिकॅलचे तंत्र आणि त्याने दिलेले स्वातंत्र्य

या वादाला दस्तऐवजाच्या बाजूने झुकविण्यात डिकॅलचा वाटा मोठा आहे. चित्र एका पृष्ठावरून दुसऱ्यावर उतरविण्याची कला अठराव्या शतकापासून युरोपात ज्ञात होती. एकोणिसाव्या शतकात तिचा उपयोग चिनी मातीची भांडी, फर्निचर व शिवणयंत्रे सजविण्यासाठी होऊ लागला. रेल्वे-प्रतिकृतींसाठी मिलवॉकीच्या वॉल्थर्स या १९३२ मध्ये सुरू झालेल्या कंपनीने आणि पुढे चँप, मायक्रोस्केल इत्यादींनी डिकॅलचे संच तयार केले.

डिकॅलचे तंत्र वरवर साधे आहे. पाण्यात विरघळणाऱ्या डिंकासारख्या थराचा लेप दिलेल्या कागदावर पारदर्शक पापुद्रा असतो आणि त्यावर शाईने अक्षरे छापलेली असतात. कागद भिजला की थर विरघळतो व पापुद्रा सरकवून वाघिणीवर बसविता येतो. परंतु खरे कौशल्य पुढे लागते. पृष्ठभाग खडबडीत असेल तर पापुद्र्याखाली हवा अडकते आणि अक्षरांभोवती चंदेरी झाक दिसते. म्हणून आधी चकचकीत लेप द्यावा लागतो. नंतर पापुद्रा मऊ करणारे द्रावण लावले की तो लाकडी फळ्यांच्या खाचांत व खिळ्यांच्या उंचवट्यांवर घट्ट बसतो. शेवटी निस्तेज लेप दिला की पापुद्र्याची कड नाहीशी होते आणि अक्षरे रंगविल्यासारखी दिसतात. अमेरिकेत सर्वाधिक प्रचलित असलेल्या एचओ प्रमाणात, म्हणजे १:८७.१ या प्रमाणात, ४० फुटी वाघिणीची लांबी १४० मिलिमीटर होते आणि एक इंच उंचीचे अक्षर ०.३ मिलिमीटरहूनही थोडे लहान भरते. इतक्या बारीक अक्षराची छपाई सुवाच्य असावी लागते, आणि गडद रंगावर छापलेले पांढरे अक्षर अपारदर्शकही असावे लागते.

इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, डिकॅलने वाघिणीची बांधणी व तिच्यावरील लेख या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या केल्या. कारखान्यात छापलेली वाघीण घ्यावी किंवा सोडावी एवढाच पर्याय ग्राहकाला असतो. कोरी वाघीण आणि डिकॅलचा संच हाती असलेल्या माणसाला मात्र स्वतः निर्णय घ्यावा लागतो. कोणता क्रमांक, कोणते चिन्ह आणि कोणती तारीख? निर्णय आला की पुरावा शोधणेही आले. १९८०च्या सुमारास रबरी साच्यांतून रेझिन ओतून थोड्या संख्येत वाघिणी तयार करण्याची पद्धत रुजली आणि पोलादी साच्याची आर्थिक सक्ती सैल झाली. एखाद्या विशिष्ट कंपनीच्या विशिष्ट वर्षी बांधलेल्या वाघिणीचे शे-दोनशे संच काढणे आता शक्य होते. त्या संचासोबत त्याच वाघिणीसाठी आखलेले डिकॅल आणि माहितीपत्रक येऊ लागले. १९९० नंतर पांढरी शाई छापू शकणारे घरगुती मुद्रक मिळू लागल्याने काही हौशी मंडळी स्वतःचे डिकॅल स्वतःच छापू लागली. हौसेला मोल नसते असे मराठीत म्हणतात. येथे हौसेने खर्चाबरोबर अभ्यासाचाही भार उचलला.

अक्षरांवरून कालनिर्णय

या अभ्यासाचे स्वरूप पुराभिलेखाच्या वाचनाशी मिळतेजुळते आहे. शिलालेखाच्या लिपीवरून जसा काळ ठरविता येतो, तसा वाघिणीवरील मजकुरावरून तिचा काळ ठरविता येतो. पॅसिफिक फ्रूट एक्सप्रेसच्या वाघिणींचे उदाहरण पाहता येईल. प्रारंभीच्या पिवळ्या बाजू १९२९च्या सुमारास नारिंगी झाल्या. १९४०च्या दशकाच्या मध्यापर्यंत वाघिणीच्या एका बाजूस सदर्न पॅसिफिकचे व दुसऱ्या बाजूस युनियन पॅसिफिकचे चिन्ह असे. नंतर दोन्ही चिन्हे प्रत्येक बाजूवर आली. त्यामुळे एकाच बाजूवर दोन्ही चिन्हे असलेली वाघीण १९३८ सालच्या गाडीत दाखविली तर ती चूक ठरते.

बाह्य मजकुराला बांधणीचा पुरावा जुळावा लागतो. १९३३ नंतरच्या नव्या वाघिणींना एबी पद्धतीचे हवेचे ब्रेक बसविणे आवश्यक झाले, तर जुन्या के पद्धतीचे ब्रेक असलेल्या वाघिणी १९५३ नंतर आंतर-रेल्वे वाहतुकीतून बाद झाल्या. तेव्हा वाघिणीच्या पोटाखाली के ब्रेक आणि बाजूवर १९५५ची वजन-तारीख असेल तर दोन पुरावे एकमेकांना खोटे पाडतात. वजनाची तारीख हा या सर्वांतील सर्वात सूक्ष्म पुरावा होय. लाकडी वाघिणीचे वजन पाण्यामुळे व दुरुस्तीमुळे बदलत असल्याने ठरावीक काळाने ते पुन्हा करावे लागे आणि नवी तारीख जुन्या तारखेच्या जागी रंगविली जाई. १९४२ सालची गाडी दाखवायची तर तिच्यातील एकाही वाघिणीवर १९४३ची तारीख असता कामा नये, हा साधा नियम आहे. परंतु त्या नियमामुळे प्रतिकृतीला एक निश्चित काळ लाभतो. ‘जुन्या काळची गाडी’ असे मोघम विधान तेथे चालत नाही.

रंगाच्या बाबतीत पुरावा अधिक फसवा ठरतो. त्या काळातील बहुतांश छायाचित्रे कृष्णधवल आहेत. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल रंग काळसर उमटतो, पिवळा व नारिंगी हे अपेक्षेपेक्षा गडद दिसतात आणि निळा फिका पडतो. अशा छायाचित्रावरून बाजूचा रंग ठरविणे धोक्याचे असते. म्हणून कंपन्यांचे रंगकामाचे आराखडे, रंगांच्या नमुना-पट्ट्या, बांधणी-कारखान्यांची छायाचित्रे, व्यवसायाच्या संदर्भ-सूची व वाघिणींच्या अधिकृत नोंदवह्या यांचा परस्परांशी ताळा घ्यावा लागतो.

या ताळ्यातून गंभीर ग्रंथनिर्मिती झाली. स्मिथसोनियन संस्थेतील जॉन एच. व्हाइट यांचा शीतवाघिणींवरील ‘द ग्रेट यलो फ्लीट’ हा ग्रंथ १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. अँथनी थॉम्प्सन, रॉबर्ट चर्च व ब्रूस जोन्स यांचा ‘पॅसिफिक फ्रूट एक्सप्रेस’ हा विस्तृत ग्रंथ १९९२ मध्ये आला. रिचर्ड हेन्ड्रिक्सन व एडवर्ड कामिन्स्की यांनी २००८ मध्ये जाहिरात-वाघिणींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. यांतील पहिला ग्रंथ संग्रहालयीन अभ्यासकाचा आहे, तर नंतरच्या दोन ग्रंथांमागे प्रतिकृतिकारांच्या चळवळीची जिज्ञासा आहे. या अभ्यासामुळेच जाहिरात-वाघिणींच्या अवतीभोवतीचा भ्रम दूर झाला. एकूण शीतवाघिणींत त्यांचे प्रमाण अल्प होते आणि रुळांवर प्रामुख्याने दिसत त्या मोठ्या वाहतूक-कंपन्यांच्या एकसारख्या पिवळ्या-नारिंगी वाघिणी, हे वास्तव स्पष्ट झाले. खेळण्यांच्या दुकानाने घडविलेली स्मृती अशा रीतीने दुरुस्त झाली.

अचूकतेची मर्यादा

येथवरचे विवेचन हौशी अभ्यासकांच्या श्रेयाचे आहे. परंतु अक्षर अचूक असणे आणि इतिहास पूर्ण असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. वाघिणीवर जे लिहिलेले असते ते मालकाने, रेल्वेने किंवा शासनाने लिहिलेले असते. डिकॅल त्याचीच नक्कल करतो. त्यामुळे प्रतिकृती जितकी अचूक, तितकी ती मालकीच्या भाषेशी एकनिष्ठ राहते. ज्यांची नावे वाघिणीवर कधीच रंगविली गेली नाहीत, त्यांच्याविषयी ती मौन पाळते.

१९४२ सालच्या वजन-तारखेचेच उदाहरण पुन्हा घेता येईल. त्या वर्षी १९ फेब्रुवारी रोजी अमेरिकी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा आदेश काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरेदारे सोडून छावण्यांत जावे लागले. कॅलिफोर्नियातील भाजीपाला व स्ट्रॉबेरीच्या शेतीत या लोकांचा वाटा मोठा होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिका व मेक्सिको यांच्यात ब्रासेरो नावाने ओळखला जाणारा मजूर-करार झाला आणि मेक्सिकोतील शेतमजूर अमेरिकेतील शेतांवर येऊ लागले. तो कार्यक्रम १९६४ पर्यंत चालला. म्हणजे नारिंगी वाघिणीवर १९४२ची तारीख रंगविली जात असताना तिच्यात भरलेला माल पिकविणारे व तोडणारे हात बदलत होते. वाघिणीवरील चिन्ह, क्रमांक, क्षमता व वजन यांत या उलथापालथीची एकही खूण नाही. वजन अचूक नोंदले गेले, मात्र माणसांची नोंद तेथे झाली नाही.

बर्फाच्या बाबतीतही असेच म्हणता येईल. एका वाघिणीत दोन्ही टोके मिळून सुमारे पाच टन बर्फ मावत असे आणि लांबच्या प्रवासात तो वाटेत पुनःपुन्हा भरावा लागे. कॅलिफोर्नियातील रोझव्हिल येथे पॅसिफिक फ्रूट एक्सप्रेसचा बर्फ-कारखाना जगातील मोठ्या कारखान्यांपैकी एक होता. उंच फलाटांवर उभे राहून आकड्यांनी बर्फाच्या लाद्या ओढणारे, त्या फोडून छतावरील झाकणांतून आत लोटणारे मजूर या संपूर्ण व्यवस्थेचा कणा होते. मांसाच्या वाघिणींत बर्फाबरोबर मीठही घातले जाई. शिकागोच्या मांस-कारखान्यांतील कामगारांची स्थिती अप्टन सिंक्लेअर यांच्या ‘द जंगल’ या १९०६च्या कादंबरीने जगापुढे आणली. बर्फ भरण्यास झालेल्या दिरंगाईने माल कसा मातीमोल होई, याचे चित्रण जॉन स्टाइनबेक यांच्या १९५२च्या ‘ईस्ट ऑफ ईडन’ या कादंबरीत लेट्यूसने भरलेल्या गाडीच्या प्रसंगातून आले आहे. साहित्याने जे टिपले ते वाघिणीच्या बाजूवर वाचावयास मिळत नाही.

तरीही या मर्यादेमुळे अचूकतेच्या आग्रहाचे मूल्य कमी होत नाही. १९४२ ही तारीख निश्चित झाली म्हणूनच त्या वर्षी शेतात कोण होते, हा प्रश्न विचारता आला. मोघम, कालहीन, रंगीत वाघिणीपुढे हा प्रश्न उभाच राहत नाही. तारखेचा आग्रह हा सामाजिक इतिहासाचा पर्याय होऊ शकत नाही, परंतु तो त्याचा दरवाजा ठरू शकतो. काही प्रतिकृतिकार बर्फाचे फलाट, मजुरांच्या आकृती व वेष्टन-गृहे यांचाही तितक्याच काटेकोरपणे अभ्यास करतात. ही त्या दरवाजातून पुढे टाकलेली पावले होत.

निष्कर्ष

शीतवाघिणीच्या बाजूवरील अक्षरे मालकीच्या हिशेबातून जन्मली, जाहिरातीने फुगली, १९३४च्या निर्णयाने आटली आणि १९५०नंतर यांत्रिक शीतकरण व मोटार-मालवाहतूक यांच्या स्पर्धेत मूळ लाकडी वाघिणींबरोबरच नाहीशी होत गेली. त्यांची आठवण प्रथम खेळण्यांनी राखली, पण ती विस्कळीत स्वरूपात. एका साच्यातून अनेक वेष काढण्याच्या अर्थकारणाने कालक्रमाचा घोटाळा केला. डिकॅलने वाघीण आणि लेख वेगळे केल्यामुळे निवडीची जबाबदारी करणाऱ्यावर आली व त्या जबाबदारीतून पुरावे तपासण्याची शिस्त निर्माण झाली.

या शिस्तीचे सार असे सांगता येईल की, कोणत्याही वस्तूविषयीचे विधान ‘केव्हा’ या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय इतिहास ठरत नाही. मात्र त्या उत्तरानंतर ‘कोणासाठी’ आणि ‘कोणाच्या श्रमावर’ हे प्रश्न विचारण्याचे काम अभ्यासकालाच करावे लागते, कारण ते वाघिणीवर लिहिलेले नसतात. महाविद्यालयीन इतिहास-अध्यापनात वस्तुरूप साधनांचा वापर करताना ही दुहेरी दृष्टी उपयुक्त ठरेल. विद्यार्थ्यांच्या हाती एखादी जुनी वस्तू दिली तर प्रथम तिच्यावरील प्रत्येक अक्षराचा काळ ठरवावा आणि मग तिच्यावर कोणाचे नाव नाही, याचा शोध घ्यावा. ०.३ मिलिमीटरच्या अक्षरासाठी प्रतिकृतिकार जेवढे कष्ट घेतात, तेवढे कष्ट या दुसऱ्या शोधासाठीही घेतले गेले पाहिजेत.